वकिलीतील अनेकांत : वीरचंद राघवजी गांधी

सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही धार्मिक संस्थेच्या जीवनातील आनंदाचा क्षण असतो, तसाच तो जमाखर्च मांडण्याचाही क्षण असतो. मुठेच्या काठचे वारजे पन्नास वर्षांपूर्वी पुणे शहराबाहेरचे शेतीवाडीचे गाव होते. १९९७ मध्ये ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले, वस्ती वाढली, जैन कुटुंबे स्थायिक झाली, आणि त्यांच्याबरोबर देरासर, उपाश्रय, पाठशाळा यांची गरजही वाढत गेली. या वाटचालीत देणगीदार, कार्यकर्ते आणि पूज्य साधू-साध्वीजी यांचे स्मरण आपण कृतज्ञतेने करतो. परंतु धर्मसंस्थांच्या पाठीशी आणखी एक वर्ग निःशब्दपणे उभा असतो, तो म्हणजे कायदा जाणणाऱ्यांचा. जमिनीचा दस्त, विश्वस्त मंडळाची घटना, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, ही कामे पूजेइतकी डोळ्यांत भरत नाहीत. पण ती नीट झाली नाहीत तर पूजेचेही स्थान अस्थिर होते.

या वर्गाचे आद्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव आदराने घ्यावे ते म्हणजे वीरचंद राघवजी गांधी. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे विद्वान म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले. मात्र शिकागोचे वीरचंद घडले ते मुंबईत, महाविद्यालयात आणि सॉलिसिटरच्या पेढीत. त्यांची ही बाजू तुलनेने कमी सांगितली जाते. त्यांचे शिक्षण कसे झाले, कायद्याच्या कामाकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले आणि त्यातून समाजाच्या हाती काय आले, याचा हा अल्प परामर्श.

शिक्षणाची पायाभरणी

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा या बंदराच्या गावी झाला. वडील राघवजीभाई जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. घर व्यापाऱ्याचे, पण मुलाच्या शिक्षणाबाबत वडिलांची दृष्टी उदार होती. महुव्यातील शिक्षण संपताच त्यांनी मुलास भावनगरला धाडले. तेथून १८८० मध्ये वीरचंदभाई मॅट्रिक झाले. भावनगर संस्थानच्या नावाची शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेऊन १८८४ मध्ये ते बी. ए. ऑनर्स झाले. जैन समाजातील अगदी आरंभीच्या पदवीधरांत त्यांची गणना होते.

त्या काळी या पदवीचे मोल काय होते, हे आज समजावून घ्यावे लागते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे वीरचंदभाई पदवीधर झाले तेव्हा विद्यापीठाचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. व्यापारी घरातील मुलाने हिशेब, पत्रव्यवहार आणि जुजबी इंग्रजी शिकून दुकानी बसावे, ही सर्वसाधारण रीत. वीस वर्षांच्या मुलाने तत्त्वज्ञान, इतिहास आणि संस्कृत यांत रमावे याचे घरच्यांना कौतुक असले, तरी समाजाला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न विचारला जाणारच. त्याचे उत्तर वीरचंदभाईंना लवकरच द्यावे लागले.

१८८२ मध्ये मुंबईत जैन असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. १८८५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वीरचंदभाई तिचे मानद चिटणीस झाले. शेठ-सावकारांच्या त्या सभेत एवढ्या तरुणाला चिटणीसपद मिळाले याचे कारण उघड होते. तीर्थांचे प्रश्न आता दरबारात आणि पेढीवर सुटेनासे झाले होते. ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि न्यायालयांत जाऊ लागले होते. तेथील भाषा आणि तेथील रीत जाणणारा आपला माणूस समाजाला हवा होता.

सॉलिसिटरच्या पेढीतील उमेदवारी

वीरचंदभाईंनी याच काळात लिटल, स्मिथ, फ्रियर अँड निकल्सन या मुंबईतील सॉलिसिटरांच्या पेढीत आर्टिकल्ड क्लार्क म्हणून प्रवेश घेतला. ही पद्धत आजच्या वाचकांस थोडी समजावून सांगितली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची. त्याच्या मूळ शाखेत कामाची विभागणी असे. पक्षकार प्रथम सॉलिसिटरकडे जाई. सॉलिसिटर कागदपत्रे तपासून, हकिगत लिहून, साक्षीपुरावा जमवून प्रकरण उभे करी. न्यायाधीशांसमोर युक्तिवाद मात्र बॅरिस्टर करी. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने काही वर्षे पेढीत उमेदवारी करावी आणि मग परीक्षा द्यावी, असा नियम होता.

व्यापाऱ्याच्या मुलाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. दुकानातही मुलगा प्रथम गादीवर बसत नाही. तो माल उतरवतो, मोजतो, रोजमेळ लिहितो, उधारी कोणाची किती हे पाठ करतो, आणि मग त्याला भाव करण्याचा अधिकार मिळतो. सॉलिसिटरच्या पेढीतील उमेदवारी नेमकी अशीच असते. तेथे वक्तृत्वाला वाव कमी. कागद वाचण्याची चिकाटी, तारखांचा क्रम आणि शब्दाची नेमकी किंमत या गोष्टींना मान अधिक. वीरचंदभाईंच्या पुढील सर्व कार्यावर या शिस्तीची छाप दिसते.

या उमेदवारीच्या काळाचे एक चित्र महात्मा गांधींच्या आत्मकथेत आढळते. १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईत वकिलीचा जम बसविण्याच्या प्रयत्नात होते. त्याच काळात त्यांचा श्रीमद् राजचंद्रांशी परिचय झाला आणि वीरचंदभाईंशी स्नेह जुळला. आहाराच्या प्रयोगांत वीरचंदभाई त्यांचे सोबती होते. वीरचंदभाई तेव्हा सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते आणि मुंबईच्या नामांकित वकिलांच्या गोष्टी या नवख्या बॅरिस्टरला सांगत. सर फिरोजशहा मेहता यांना पुराव्याचा कायदा मुखोद्गत आहे, त्यातील बत्तिसाव्या कलमावरील सगळे निवाडे त्यांना ठाऊक आहेत, आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या युक्तिवादाचा न्यायाधीशांवर दरारा आहे, असे ते सांगत. नव्या बॅरिस्टरला पाच-सात वर्षे काम न मिळणे ही काही नवलाची गोष्ट नाही, हेही त्यांनी बजावले होते. हे ऐकून मोहनदासांचे मन खचले, असे त्यांनीच लिहिले आहे.

या आठवणीत वीरचंदभाईंची वकिलीविषयीची समजूत स्पष्ट दिसते. थोर वकिलाचे मोठेपण सांगताना त्यांनी प्रथम कायद्याच्या सखोल ज्ञानाचा आणि पुराव्याच्या जाणकारीचा उल्लेख केला. त्यातही ते बत्तिसावे कलम मोठे अर्थपूर्ण आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे कलम, मरण पावलेल्या किंवा साक्षीस येऊ न शकणाऱ्या व्यक्तींची विधाने केव्हा ग्राह्य धरावीत, हे सांगत असे. व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात वहीत केलेली नोंदही त्यात येते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुनिमाने प्रामाणिकपणे लिहिलेली ओळ, तो मुनीम हयात नसतानाही, न्यायालयात साक्ष देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे आणि हीच तरतूद आता सव्विसाव्या कलमात आहे. कलमाचा आकडा बदलला, तत्त्व तेच राहिले.

शत्रुंजयाचा करार

वीरचंदभाईंच्या हाती आलेले पहिले मोठे काम शत्रुंजय तीर्थाचे. पालिताणा हे काठियावाडातील छोटे संस्थान. यात्रेकरूंच्या रक्षणासाठी संस्थानास काही रक्कम द्यावी, ही प्रथा जुनी होती आणि तिला रखोपा म्हणत. इंग्रजी अमलात १८२१ च्या करारानुसार ही वार्षिक रक्कम ४,५०० रुपये होती. १८६३ मध्ये मेजर कीटिंज यांच्या निर्णयाने ती १०,००० रुपये झाली. पुढे संस्थानाने यात्रेकरूंवर माणशी कर बसविला. कराचा आकडा हा तक्रारीचा एक भाग होता. त्याहून मोठा भाग होता तो डोई मोजण्याचा. दादाच्या दर्शनाला निघालेल्या वृद्ध आईला, उपवासी श्रावकाला आणि गरीब संघाला तळाशी थांबवून गणती करणे यातून दररोज नवा तंटा उद्भवे. तीर्थाची व्यवस्था पाहणारी अहमदाबादची शेठ आणंदजी कल्याणजी पेढी आणि मुंबईची जैन असोसिएशन या दोहोंपुढे हा प्रश्न उभा होता.

एकवीस वर्षांच्या चिटणीसाने या प्रश्नाची मांडणी केली. पालिताणा संस्थान काठियावाड एजन्सीत आणि ती एजन्सी मुंबई सरकारच्या अधीन, म्हणून दाद मुंबईच्या गव्हर्नरकडे मागावयाची होती. गव्हर्नर होते लॉर्ड रे. पुणेकरांना हे नाव अपरिचित नाही. आजची महात्मा फुले मंडई पूर्वी त्यांच्याच नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाई आणि ती सुरू झाली त्याच १८८६ साली. वीरचंदभाईंनी लॉर्ड रे आणि काठियावाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. मार्च १८८६ मध्ये करार झाला. माणशी कर रद्द झाला, आणि त्याऐवजी समाजाने संस्थानास दरसाल १५,००० रुपये ठोक द्यावेत, ही व्यवस्था चाळीस वर्षांसाठी राहावी, असे ठरले.

या कराराकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्यातील शहाणपण ध्यानात येते. वरवर पाहता रक्कम १०,००० वरून १५,००० झाली, म्हणजे समाजाचा तोटा. परंतु ठोक रक्कम ठरल्याने यात्रेकरूंची संख्या कितीही वाढली तरी बोजा वाढणार नव्हता. रेल्वेचे जाळे पसरत होते आणि यात्रा वाढणार हे उघड होते. चाळीस वर्षांचे एकूण देणे ६ लाख रुपये. ते पहिल्या दिवशीच निश्चित झाले. संस्थानालाही बिनकटकटीचे, खात्रीचे उत्पन्न मिळाले. आणि सर्वांत महत्त्वाचे, यात्रेकरूची वाट मोकळी झाली. पैशाचा व्यवहार दोन संस्थांमध्ये राहिला, भाविक आणि भगवंत यांच्यामध्ये तो येईनासा झाला. समोरच्याचे म्हणणे पूर्णपणे खोटे ठरविण्याचा हट्ट न धरता, त्याच्या गरजेला वाट देऊन आपले मर्म राखणे, ही या करारामागची दृष्टी आहे.

संमेतशिखर आणि बंगाली भाषा

दुसरे काम पूर्व भारतातले. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेला संमेतशिखर पर्वत आज झारखंडमधील गिरिडीह जिल्ह्यात आहे. त्या काळी हा प्रदेश बंगाल प्रांतात मोडत असे. पर्वताची जमीन पालगंजच्या राजाची मानली जाई. तेथील जागा घेऊन बोडम नावाच्या युरोपीय गृहस्थाने डुकरांच्या चरबीचा कारखाना उभारला. ज्या पर्वतावर श्रावक अनवाणी चढतात, जेथे पाणीही गाळून पितात, तेथे प्राण्यांच्या हत्येचा उद्योग सुरू व्हावा, ही घटना दोन्ही संप्रदायांच्या काळजाला घाव घालणारी होती. खालच्या न्यायालयात समाजाचे म्हणणे टिकले नाही आणि प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात अपिलात गेले.

येथे भावना कितीही तीव्र असल्या तरी न्यायालयाला पुरावा लागतो. पर्वत पवित्र आहे, हे सांगून भागणार नव्हते. तो पूर्वापार जैनांचे पूजास्थान आहे, हे कागदांतून दाखवावयाचे होते. बरेचसे जुने कागद बंगाली भाषेतील. वीरचंदभाई गुजराती, हिंदी, संस्कृत, इंग्रजी जाणत. बंगाली जाणत नव्हते. दुभाष्याच्या भरवशावर न राहता ते कलकत्त्यास जाऊन सहा महिने राहिले, बंगाली शिकले, दस्तऐवज मुळातून वाचले आणि अपिलाची तयारी केली. निकाल समाजाच्या बाजूने लागला. पर्वताचे जैन पूजास्थान हे स्वरूप मान्य होऊन कारखाना बंद झाला.

शिक्षण कशाला म्हणावे, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. ऑनर्सची पदवी हाती असलेला माणूस एका खटल्यासाठी नव्याने अक्षरे गिरवितो, यात त्याच्या विद्येचा कमीपणा नाही; तीच त्याची विद्या आहे. समोरच्या कामाला जे ज्ञान लागते ते कष्टाने मिळवावयाचे, आणि मिळेपर्यंत बोलावयाचे नाही, हा त्यांचा नियम दिसतो. शत्रुंजयाच्या वेळी तर त्यांच्या नावापुढे सॉलिसिटर ही उपाधीही नव्हती. चिटणीसपद मानद होते. तीर्थांची ही कामे त्यांनी सेवा म्हणून केली.

शिकागोचे व्यासपीठ

शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण पूज्य आचार्य विजयानंदसूरीश्वरजी म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. साधूच्या आचारानुसार त्यांना समुद्रप्रवास करणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या जागी वीरचंदभाईंची निवड केली आणि त्यांना काही महिने जवळ ठेवून शास्त्राचा अभ्यास करवून घेतला. बंगालीच्या बाबतीत जे घडले तेच येथेही घडले. जाण्यापूर्वी हा श्रावक पुन्हा विद्यार्थी झाला.

११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषदेस प्रारंभ झाला. काठियावाडी पगडी परिधान केलेला एकोणतीस वर्षांचा हा तरुण बोलू लागला तेव्हा त्याच्या मांडणीत सॉलिसिटरच्या पेढीचे वळण होते. जैन धर्माचे तत्त्वज्ञान आणि आचारधर्म असे दोन भाग पाडून, द्रव्यार्थिक आणि पर्यायार्थिक नय समजावून सांगून, त्यांनी परक्या श्रोत्यांपुढे विषय उलगडला. कोणताही पंथभेद त्यांनी तेथे नेला नाही. ते केवळ जैन म्हणून बोलले.

परिषदेत एक कसोटीचा प्रसंग आला. लंडनचे पाद्री पेंटेकॉस्ट यांनी हिंदू देवालयांतील देवदासींच्या प्रथेवरून भारतीय धर्मांवर कठोर टीका केली. ती टीका जैन धर्मावर नव्हती. वीरचंदभाई गप्प बसले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु त्यांनी उत्तर दिले. आपल्या धर्मावर कोणी हल्ला केलेला नाही, हे त्यांनी आधीच नमूद केले, आणि मग समाजातील दोष हा धर्माचा दोष म्हणून मांडणे न्यायाचे नाही, हा मुद्दा पुढे ठेवला. वकिलीच्या भाषेत सांगावयाचे तर स्वतःवर आरोप नसताना, शेजाऱ्यासाठी, मानधनाविना उभे राहिलेले हे वकीलपत्र होते. प्रतिपक्षाच्या धर्माविरुद्ध अपशब्द न काढता मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देणे, ही त्यांची रीत तेथेही सुटली नाही.

शिकागो, बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आदी शहरांत त्यांनी पुढे व्याख्याने दिली. परत आल्यावर मुंबईत काही मंडळींनी परदेशगमनाबद्दल त्यांच्यावर रोष धरला. ज्या समाजाची बाजू त्यांनी जगापुढे मांडली त्याच समाजात त्यांना आपली बाजू मांडण्याची पाळी आली. तरीही त्यांनी फळी पाडली नाही. आत्मारामजी महाराजांचे मार्गदर्शन शिरोधार्य मानून ते कार्यरत राहिले. १८९६ मध्ये पुन्हा अमेरिकेस गेले. इंग्लंडमध्ये त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यासही केला, मात्र या विद्येचा उपयोग अर्थार्जनासाठी करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वय होते अवघे छत्तीस.

करार संपला त्या दिवशी

वीरचंदभाईंच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी, १९२६ मध्ये, शत्रुंजयाच्या कराराची चाळीस वर्षांची मुदत संपली. त्या पुढची हकिगत प्रत्येक विश्वस्ताने वाचावी अशी आहे. संस्थानाने वाढीव मागणी केली आणि दरसाल १ लाख रुपयांचा निर्णय इंग्रज अधिकाऱ्याकडून झाला. समाजाने तो मानला नाही. १ एप्रिल १९२६ पासून जैनांनी यात्राच बंद ठेवली. सुमारे दोन वर्षे शत्रुंजयाच्या पायऱ्या सुन्या राहिल्या. अखेर मे १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने दरसाल ६०,००० रुपये, पस्तीस वर्षांसाठी, असा नवा करार झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि हे देणेही इतिहासजमा झाले.

१५,००० वरून ६०,००० ही उडी पाहिली म्हणजे १८८६ च्या कराराने चाळीस वर्षे समाजाचे किती हित राखले, ते कळते. त्याबरोबर दुसरीही गोष्ट कळते. करार करणारी पिढी निघून जाते, मुदत मात्र आपल्या तारखेला येऊन उभी राहते. त्या तारखेची तयारी मागील पिढी करू शकत नाही. ती जिची तिनेच करावी लागते.

संमेतशिखराचेही तसेच आहे. कारखान्याचा प्रश्न मिटला, पण पुढे त्याच पर्वतावरील हक्कांवरून आपल्याच दोन संप्रदायांचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. बाहेरच्या संकटात एक झालेले हात आतल्या प्रश्नात वेगळे झाले. महाराष्ट्रात वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवालयाचा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला. त्यात चार दशकांहून अधिक काळ भगवंतांचे दर्शन कुलपाआड राहिले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले. यात बरोबर कोण आणि चूक कोण, हा येथे विषय नाही. दोन्ही बाजूंना कायदेपंडित लाभले होते. वीरचंदभाईंची वृत्ती किती दुर्मीळ आहे, एवढेच त्यातून ध्यानी घ्यावयाचे. त्याच संमेतशिखराच्या पावित्र्यासाठी देशभरातील जैन एकत्र आले, तेव्हा ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक उपक्रमांना स्थगिती दिली, हेही याच काळातले उदाहरण आहे.

परंपरा आणि आजचे कर्तव्य

कायदा जाणून समाजाची सेवा करणाऱ्यांची परंपरा मराठी मुलुखातही चालत आली. कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे (१८७८–१९५०) हे एम. ए., एलएल. बी. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आला, तेव्हा त्यातील काही तरतुदींना जैन देवालयाचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. धर्मसंस्थांच्या कारभारावर हिशेब, नोंदणी यांसारखे नियमन ठेवण्याचा शासनाचा अधिकार मान्य झाला. परंतु धर्मादाय आयुक्तांनाच धर्मसंस्थेचे विश्वस्त नेमण्यासारख्या तरतुदी रद्दबातल ठरल्या. येथेही न्यायालयाने दोन्ही बाजूंचे ग्राह्य तेवढे घेतले. आज महाराष्ट्रातील प्रत्येक नोंदणीकृत धर्मसंस्था, आपली संस्थाही, ज्या चौकटीत काम करते ती चौकट अशा रीतीने आखली गेली.

पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावर वीरचंदभाईंचे स्मरण करताना तीन कर्तव्ये समोर येतात. पहिले कागदांचे. जमिनीचे दस्त, सात-बारा व मिळकतपत्रिका, विश्वस्त नोंदवहीचा उतारा, सभांची इतिवृत्ते, देणग्यांची पावतीपुस्तके ही एका जागी, क्रमवार आणि प्रतींसह असावीत. वारज्यासारख्या, गावातून शहर झालेल्या भागात हे विशेष महत्त्वाचे, कारण जुने गट क्रमांक आणि नवे पत्ते यांची सांगड घालणारी माणसे एकेक करून जात आहेत. विश्वस्त बदलले की बदल अहवाल विहित मुदतीत दाखल व्हावा. त्यातील हयगय दहा वर्षांनी महागात पडते. आज आपण लिहिलेली प्रामाणिक नोंद हीच उद्या आपल्या गैरहजेरीत आपली साक्ष असेल.

दुसरे कर्तव्य विद्येचे. समाजात आज सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, कंपनी सेक्रेटरी आहेत. त्यांना जाहीर कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन थांबू नये. पाठशाळेतील मुलामुलींपैकी ज्यांना कायद्याची आवड आहे त्यांना शिष्यवृत्ती द्यावी आणि ट्रस्टच्या कामात उमेदवारी द्यावी. महुव्याच्या व्यापाऱ्याने मुलाला शिकविले म्हणून शत्रुंजयाची वाट मोकळी झाली, हे विसरता येणार नाही.

तिसरे कर्तव्य वृत्तीचे, आणि ते सर्वांत कठीण आहे. अनेकांत हा पर्युषणातील व्याख्यानाचा विषय होऊन राहतो. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मतभेद झाला की आपण तो बाहेर चपलांजवळ ठेवून येतो. वीरचंदभाईंनी तो गव्हर्नरच्या कचेरीत नेला, उच्च न्यायालयात नेला आणि सातासमुद्रापलीकडच्या व्यासपीठावर नेला. आपल्या बाजूचे मर्म कोणते आणि सोडून देता येईल असे काय, याचा निवाडा त्यांनी न्यायालयात जाण्यापूर्वी स्वतःच्या मनात केला. जेथे तडजोडीने तीर्थ राखता आले तेथे तडजोड केली. जेथे अहिंसेचेच मूळ धोक्यात आले तेथे शेवटपर्यंत लढले. या दोहोंतील विवेक त्यांच्यापाशी होता.

छत्तीस वर्षांच्या आयुष्यात एका श्रावकाने विद्येचे जे सोने केले, त्याची झळाळी सव्वाशे वर्षांनंतरही कमी झालेली नाही. आपल्या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत असा एखादा विद्यार्थी वारज्याच्या पाठशाळेतून घडो, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षातील मंगल कामना. वीरचंद राघवजी गांधी यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र वंदन.

जय जिनेंद्र.